सर्चमागची माणसं : बोर्डांच्या कामाच्या नोंदी

३ जुलै २०२५

कोल्हापुरातल्या आमच्या मार्केटिंगच्या क्लासच्या लांब भिंतीचं काय करायचं ते एकदाचं ठरलं. क्लास चालवणाऱ्या मोठ्या मॅडमना तिथं सुविचार लावायचे होते, ते टळलं. त्याऐवजी माणसं लावायची. सर्च आणि सोशल मीडिया मार्केटिंगचा हा धंदा ज्यांनी उभा केला, ज्यांनी त्याचे नियम केले आणि जे त्या नियमांवर वर्षानुवर्षं नजर ठेवून बसले, अशांची ओळख. एका बोर्डावर एक माणूस, फार तर एक जोडी. सनबोर्ड, तीन बाय दोन, मजकूर दीडशे शब्दांच्या आत आणि संपूर्ण मराठीत.

आमच्याकडं संध्याकाळी येणारी पोरं गुजरीतल्या सराफांची, चप्पल लाइनीतल्या दुकानांची, मिसळवाल्यांची इन्स्टाग्राम आणि फेसबुकची पानं सांभाळतात. पोस्ट चालली नाही की गिऱ्हाइकाला द्यायचं उत्तर सगळ्यांचं एकच : "अल्गोरिदम बदललंय." कोणी बदललं, कशासाठी बदललं, त्यात कुणाचं भलं झालं, हे कुणी विचारत नाही. समोर माणसं दिसली तर निदान प्रश्न पडतील.

गणपती २७ ऑगस्टला आहेत. मंडळांचे फ्लेक्स सुरू झाले की आपल्याला कोणी दारात उभं करणार नाही, तेव्हा मजकूर जुलैअखेर संपवायचा.

५ जुलै

साचा पक्का केला. नाव, गाव, शिक्षण दोन ओळींत. मग काय केलं ते. आणि सगळ्यात खाली पिवळ्या पट्टीत एकच प्रश्न आणि त्याचं उत्तर : "पोट कशावर?" हा माणूस आपल्याला सांगत होता तेव्हा त्याचा पगार कुठून येत होता, काय विकून घर चालत होतं, एवढंच.

मॅडमना हे उद्धट वाटलं. "ओळख करून देताना असं विचारतात का?" सोयरिकीला गेल्यावर दुसरं काय विचारतात, म्हटलं. पट्टी राहिली.

या धंद्यात सल्ला फुकट मिळतो आणि भरपूर मिळतो. म्हणून तर तो कोणाच्या टेबलावरून आलाय हे आधी कळायला हवं.

८ जुलै

सुरुवातीचे दोन बोर्ड झटपट झाले.

अॅलन एमटाज. मूळचा बार्बाडोसचा, माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात विद्यार्थी. इतरांना लागणारी सॉफ्टवेअरं इंटरनेटवरच्या वेगवेगळ्या सर्व्हरवर शोधून देणं हे त्याच्याकडचं काम. ते हातानं करायचा कंटाळा आला म्हणून त्यानं १९९० मध्ये 'आर्ची' लिहिलं. फक्त फाइलींची नावं शोधायचं ते, आतला मजकूर नाही. तरी इंटरनेटवरचं पहिलं शोधयंत्र तेच. पेटंट घेतलं नाही. पट्टीत : "विद्यापीठाची नोकरी."

मार्टाइन कॉस्टर, १९९४. कुठल्या पानांवर यंत्रांनी फिरकू नये हे साइटच्या दारातच लिहून ठेवायची रोबोट्स डॉट टीएक्सटी ही पद्धत त्याची. सक्ती कसलीच नव्हती, सगळं सभ्यपणावर चाललं. तिला अधिकृत इंटरनेट मानकाचं रूप यायला २०२२ उजाडलं, म्हणजे २८ वर्षं जग एका आपसातल्या समजुतीवर चाललं होतं. आता एआयवाल्यांची यंत्रं साइटी धुंडाळत फिरतात तेव्हा सगळे पुन्हा याच फायलीकडं बोट दाखवतात. हा बोर्ड दारापाशी लावायचा.

११ जुलै

डॅनी सलिव्हन. यावर वेळ घालवला आणि घालवायलाच हवा होता.

मूळ पेशा पत्रकाराचा. लॉस एंजेलिस टाइम्स आणि ऑरेंज काउंटी रजिस्टर इथं नोकरी. पुढं वेबसाइट बनवणाऱ्या छोट्या कंपनीत गेला. १९९५च्या शेवटाला त्यांचं एक गिऱ्हाईक चिडून आलं : 'ऑरेंज काउंटी' असं शोधलं तर माझी साइट कुठंच का नाही? याच्याकडं उत्तर नव्हतं. कोणाकडंच नव्हतं. मग त्यानं पत्रकारासारखं केलं. त्या वेळची शोधयंत्रं एकेक करून तपासली, कोण काय वाचतं, किती दिवसांनी वाचतं ते लिहून काढलं आणि एप्रिल १९९६ मध्ये ते सगळं फुकट वाचायला ठेवलं. पुढच्या वर्षी त्याचं 'सर्च इंजिन वॉच' झालं आणि ते विकलंही गेलं. लिहायला मात्र तोच होता. गूगल कंपनी स्थापन झाली १९९८ मध्ये. म्हणजे गूगलच्या आधी गूगलवर नजर ठेवणारा माणूस तयार होता.

१९९९ मध्ये त्यानं सर्च मार्केटिंगवाल्यांची परिषद भरवायला सुरुवात केली. २००६ मध्ये जुनं घर सोडलं, 'सर्च इंजिन लँड' काढलं. जून २०१७ मध्ये पत्रकारितेतून निवृत्ती जाहीर केली आणि ऑक्टोबरमध्ये थेट गूगलमध्येच रुजू झाला. काम : सर्चबद्दल लोकांशी बोलणं आणि लोकांचं म्हणणं आत पोचवणं.

पट्टीत दोन ओळी लिहाव्या लागल्या. "२०१७ पर्यंत : वाचक, जाहिराती, परिषदांची तिकिटं. त्यानंतर : गूगलचा पगार." मॅडम म्हणाल्या, यात टोमणा आहे. मला दिसत नाही. माणूस तोच, ज्ञान तेच, पण २०१० मधलं त्याचं वाक्य आणि २०२० मधलं वाक्य एका मापानं वाचायचं नाही, एवढं पोरांना कळलं तरी बोर्डाचे पैसे वसूल.

१४ जुलै

बॅरी श्वार्ट्झ. न्यूयॉर्कजवळ भावाबरोबर सॉफ्टवेअर कंपनी चालवतो, पोट त्यावर. डिसेंबर २००३ पासून सर्चमधली प्रत्येक खळबळ रोज टिपतोय. शोधाच्या निकालांच्या क्रमवारीत उलथापालथ झाली की जगभरचे लोक आधी त्याच्याकडं बघतात. ज्यू धर्म पाळणारा आहे, त्यामुळं शुक्रवारी सूर्य मावळला की शनिवारी रात्रीपर्यंत इंटरनेट बंद. पोरांना ही गोष्ट सगळ्यात जास्त आवडणार, कारण आमच्याकडं रविवारीही सराफ फोन करतो.

व्हॅनेसा फॉक्स : साइटमालकांना गूगलशी बोलायची खिडकी उघडून दिली ती हिनं. साइटमॅपची, म्हणजे साइटवरच्या पानांची यादी शोधयंत्राला द्यायची पद्धत गूगलनं २००५ मध्ये आणली, पुढच्या वर्षी याहू आणि मायक्रोसॉफ्टही त्यात आले. हिनं २००७ मध्ये गूगल सोडलं. आपली साइट गूगलला कशी दिसते ते बघायला आज आपण सर्च कन्सोल उघडतो, त्याची मुळं तिथली. मजकूर पुरे.

१७ जुलै

चित्रांचा प्रश्न. इंटरनेटवरून फोटो उचलून लावायचे नाहीत, हे पहिल्याच दिवशी ठरलं होतं. आपणच कॉपीराइट शिकवायचा आणि आपल्याच भिंतीवर चोरीचा माल, असं नको. चित्रकलेच्या कॉलेजातली एक मुलगी शाईनं रेखाटनं करून द्यायला तयार झाली. तिची अट एकच : चेहरे नाहीत. चेहरा चुकला तर बोर्ड हास्यास्पद होतो म्हणाली, आणि बरोबर म्हणाली. ती त्या माणसाच्या कामाचं टेबल काढणार.

तिनं आणलेलं पहिलं चित्र बिल स्लॉस्कीचं. टेबलावर कागदांची चळत, एक कागद उलटा ठेवलेला, चष्मा, आणि कडेला पेन्सिलीनं केलेल्या खुणा. माझ्याकडून तिनं फक्त एवढं ऐकलं होतं की हा माणूस पेटंटं वाचायचा.

स्लॉस्की कायदा शिकलेला, डेलावेअर राज्याच्या न्यायालयात वर्षानुवर्षं प्रशासनाचं काम केलेला. पुढं सर्चमध्ये आला आणि बाकीचे अंदाज बांधत असताना यानं गूगलनं दाखल केलेली पेटंटं वाचायला घेतली. ती भाषा वकिलांची आणि इंजिनीअरांची मिळून तयार झालेली, माणसानं वाचायची नाहीच. यानं ती वाचली आणि साध्या इंग्रजीत सांगत राहिला. पेटंट घेतलं म्हणजे ते वापरात आहेच असं नाही, हे पथ्य मात्र पाळलं. मे २०२२ मध्ये गेला.

पट्टीत : "सर्चची सल्लागारी." पण मला वाटतं, या भिंतीवर ज्याच्याकडून खरोखर काही उचलावं असा पहिला माणूस हा. बातमी आली की मूळ कागद काढून वाचायचा, ही कोर्टातल्या कारकुनाची सवय. आमच्या पोरांना ती लावायला मला दहा बोर्डांपेक्षा जास्त काहीतरी लागणार आहे.

२१ जुलै

जाहिरातींचा बोर्ड : बिल ग्रॉस. कॅलिफोर्नियातला, कंपन्या काढणं हाच त्याचा धंदा. १९९८ मध्ये गोटू डॉट कॉम काढलं. शोधाच्या निकालात वरची जागा हवी? बोली लावा. कोणी क्लिक केलं तरच पैसे, आणि कोण किती देतोय ते निकालाशेजारी उघड लिहिलेलं. लोकांनी नाकं मुरडली, ग्रंथालयात पैसे घेऊन पुस्तकं वरच्या फळीवर ठेवल्यासारखं वाटलं त्यांना. धंदा मात्र जोरात चालला. २००१ मध्ये नाव ओव्हर्चर झालं आणि २००३ मध्ये याहूनं विकत घेतलं.

मजकूर वाचून दाखवत होते. एका पोराचे वडील मार्केट यार्डात गुळाच्या अडतीवर आहेत. तो लगेच म्हणाला, "मॅडम, दुसऱ्याची बोली दिसतीय तर मी त्याच्यावर एकच पैसा लावणार की. आणि त्यो सोडून गेला की मी बी खाली येणार." नेमकं हेच झालं होतं! बोल्या पैशापैशानं वर चढायच्या आणि धाडकन खाली यायच्या, आणि त्या सांभाळायला लोकांनी यंत्रं बसवली होती.

गूगलनं ऑक्टोबर २००० मध्ये अॅडवर्ड्स सुरू केलं, साडेतीनशे जाहिरातदारांवर. २००२ मध्ये सलार कमांगर आणि एरिक वीच या दोघांच्या कामातून नवी पद्धत आली. बोली कितीही लावा, द्यायचे मात्र खालच्यापेक्षा जेमतेम वर जाण्याइतकेच. आणि नुसती बोली नाही, लोक त्या जाहिरातीवर किती क्लिक करतात तेही गुणायचं. म्हणजे भंगार जाहिरात करणाऱ्याला वरची जागा महाग. ओव्हर्चरनं पेटंटावरून खटला भरला होता, तो २००४ मध्ये गूगलनं याहूला २७ लाख शेअर देऊन मिटवला.

तीन माणसं एका बोर्डावर घ्यावी लागली. दीडशे शब्दांची मर्यादा मोडली. अडतीवाल्या पोराचा प्रश्नही बोर्डावर घातला, नावाशिवाय. बाकी सगळ्या मजकुरापेक्षा तोच जास्त वाचला जाईल.

२४ जुलै

मॅट कट्स. जानेवारी २००० मध्ये गूगलमध्ये आला. अश्लील पानं गाळणारं सेफसर्च त्यानं लिहिलं. चाळणीतून काय सुटतंय ते शोधायला सहकारी लाजत होते, तेव्हा जो असं पान शोधून दाखवील त्याला घरी बायकोनं केलेल्या कुकीज द्यायचा. मॅडमनी हे वाक्य खोडलं. मी परत घातलं. पालकसभेच्या दिवशी बोर्डावर कॅलेंडर टांगायचं, अशी तडजोड झाली.

पुढं तो फसवाफसवी पकडणाऱ्या तुकडीचा प्रमुख झाला. २००५ मध्ये जेसन शेलनबरोबर नोफॉलो आणलं : या दुव्याची हमी मी देत नाही, असं साइटवाल्यानं यंत्राला सांगायची सोय. फेब्रुवारी २००६ मध्ये बीएमडब्ल्यूची जर्मन साइट गूगलमधून काढून टाकली. यंत्राला एक पान आणि माणसाला दुसरंच दाखवत होते म्हणून. हे त्यानं स्वतः जाहीर केलं. एवढ्या मोठ्या कंपनीला काढू शकतात म्हटल्यावर छोट्यांची पाचावर धारण बसली. २०१४ च्या जुलैत रजेवर गेला तो परतलाच नाही. पुढं अमेरिकी सरकारच्या डिजिटल सेवेत काम केलं.

पट्टीत : "गूगलचा पगार, सरळसरळ." यात आडपडदा नाही, म्हणून त्याला वाचणं सोपं. पंच सांगतोय की पाय रेषेबाहेर पडला, तर तो नियम म्हणून ऐकायचा. पण खेळ कसा जिंकावा हे पंचाला विचारत बसायचं नाही. लोक नेमकं तेच करत होते, त्याच्या एकेका व्हिडिओतून मंत्र काढत होते.

२८ जुलै

आपल्याकडच्यांचा बोर्ड. यावर चर्चा झाली की भारतीय म्हणून वेगळा गट करायचा का. नको. ओघात येतील तिथं.

अमित सिंघल : झाशीचा, रुडकीत इंजिनीअर, कॉर्नेलला जेरार्ड सॉल्टनच्या हाताखाली पीएचडी. माहिती शोधण्याच्या शास्त्रात सॉल्टन म्हणजे आजोबा. २००० मध्ये गूगलमध्ये आला आणि संस्थापकांनी लिहिलेली क्रमवारीची व्यवस्था नव्यानं बांधली. फेब्रुवारी २०११ मध्ये भरताड मजकूर छापणाऱ्या साइटींवर कुऱ्हाड पडली, अमेरिकेतल्या जवळपास १२ टक्के शोधांवर परिणाम झाला. त्या बदलाचं नाव पांडा. पोरांना वाटतं प्राण्यावरून. नाही, नवनीत पांडा या इंजिनीअरवरून. पुढच्या वर्षी पेंग्विन नावाचा बदल आला आणि सगळे प्राणीच झाले.

पांडू नायक : हा आमच्या जवळचा, पवईच्या आयआयटीतून बीटेक, मग स्टॅनफर्डला पीएचडी. गूगलच्या आधी नासात होता. डीप स्पेस वन या यानावर १९९९ मध्ये यानाचं यानानंच निर्णय घ्यायची जी चाचणी झाली, त्या चमूत. गूगलमध्ये २०१९ च्या ऑक्टोबरात शब्दांचा अर्थ वाक्यातल्या संदर्भावरून लावणारं बर्ट आणलं तेव्हा ते लोकांना सांगणारा लेख यानंच लिहिला. अमेरिकेतल्या इंग्रजी शोधांपैकी दहात एकावर परिणाम. ब्राझीलचा माणूस अमेरिकेला जातोय की अमेरिकेचा ब्राझीलला, हे यंत्राला एका शब्दयोगी अव्ययावरून कळायला लागलं, असं त्यातलं उदाहरण.

पण बोर्डावर मी जास्त जागा दिली ती ऑक्टोबर २०२३ ला. अमेरिकी सरकारनं गूगलवर भरलेल्या मक्तेदारीच्या खटल्यात नायक साक्षीला उभा राहिला आणि नॅवबूस्ट नावाची व्यवस्था लोकांच्या क्लिकांवर चालते, तेरा महिन्यांच्या माहितीवर, हे शपथेवर नोंदवलं गेलं. क्लिकांवरून क्रमवारी ठरते का, या प्रश्नावर गूगलची माणसं वर्षानुवर्षं हात राखून बोलत आली होती. परिषदेच्या मंचावर जे मिळालं नाही ते साक्षीदाराच्या पिंजऱ्यात मिळालं. ऑगस्ट २०२४ मध्ये न्यायाधीश अमित मेहतांनी निकाल दिला की गूगलनं शोधातली मक्तेदारी बेकायदा राखली.

स्लॉस्की हे ऐकायला हवा होता.

२ ऑगस्ट

मजकूर छपाईला जायच्या बेतात आणि याच आठवड्यात बातमी : डॅनी सलिव्हननं गूगलमधलं ते लोकांशी बोलायचं पद सोडलं. गूगलमध्येच राहणार, पण काम दुसरं. "बोलतो" चं "बोलत होता" केलं. पिवळी पट्टी तशीच. पगार बदललेला नाही.

४ ऑगस्ट

फ्लेक्सवाल्याकडं पहिला प्रूफ. वाचून डोकं धरलं. त्याचा ऑपरेटर कोरल ड्रॉच्या जुन्या आवृत्तीवर काम करतो, सगळं आयुष्य श्रीलिपी या जुन्या मराठी फॉन्टात गेलेलं. आपला मजकूर युनिकोड. तो चिकटवला की वेलांटी पुढच्या अक्षरावर जाऊन बसते, जोडाक्षरं पाय मोडून शेजारी शेजारी उभी राहतात, आणि 'ऱ्या' मधला र तर गायबच. 'सर्च' चा रफार 'स' च्या डोक्यावर. "वहिनी, श्रीलिपीत टाइप करून आणा, एका मिनटात सोडतो" म्हणाला. एवढा मजकूर परत टाइप करायला कोणाला वेळ आहे? घरी येऊन प्रत्येक बोर्ड तयार केला, अक्षरांचे कर्व्ह करून पीडीएफ दिली. आता ते अक्षर नाही, चित्र आहे, कोणाच्या बापाला हलवता येत नाही. तोटा एवढाच की शेवटच्या क्षणी एक काना जरी बदलायचा झाला तरी घरी यायचं.

क्लासमध्ये आज काम झालंच नाही. काल नांदणीहून पदयात्रा कलेक्टर ऑफिसवर आली. तिथल्या मठातल्या माधुरी हत्तिणीला जामनगरला नेल्यापासून गावातल्या प्रत्येकाच्या स्टेटसला तीच आहे आणि आमच्या पोरांच्या मोबाइलवर दुसरं काही नाही. एकीनं विचारलं, हे हॅशटॅग कोण सुरू करतं? म्हणजे या वेळचा नव्हे, मुळातला.

तो बोर्ड तयारच होता. ख्रिस मेसिना, २३ ऑगस्ट २००७. ट्विटरवर एका ओळीत त्यानं विचारलं होतं की गटांसाठी # हे चिन्ह वापरलं तर कसं वाटतं. ट्विटरच्या ऑफिसात जाऊन सांगितलं तर हे संगणकातल्या किड्यांसाठी आहे, सामान्य माणूस वापरणार नाही, असं ऐकून आला. मग त्याच ऑक्टोबरात सॅन डिएगोजवळ वणवे पेटले. कुठला रस्ता बंद, कुठलं गाव रिकामं केलं, या बातम्या एकत्र दिसाव्यात म्हणून तिथल्या नेट रिटर नावाच्या माणसानं ती खूण वापरली आणि ती लोकांच्या हाताला लागली. ट्विटरनं त्या खुणेला दुवा द्यायला २००९ उजाडलं. मेसिनानं पेटंट घेतलं नाही. घेतलं असतं तर कोणी वापरलंच नसतं, हे त्याला कळत होतं.

पट्टीत : "यातून काही नाही." पोरं बराच वेळ त्या पट्टीवर बोलत होती. एकाला तो येडा वाटला. दुसऱ्यानं विचारलं की मग हत्तिणीच्या हॅशटॅगवर पैसे कोण मिळवतंय. त्याला म्हटलं, प्रत्येक स्क्रोलमध्ये किती जाहिराती लागल्या ते मोजत जा.

९ ऑगस्ट

रँड फिशकिन आणि जिलियन म्यूसिग. मायलेक, सिअॅटल. आईचा छोटा मार्केटिंगचा धंदा, मुलगा कॉलेज अर्धवट सोडून त्यात आला. वेबसाइटी बनवायचे, सर्चचं काम बाहेर द्यायचे. बाहेरच्याला द्यायला पैसे उरले नाहीत, डोक्यावर कर्ज, म्हणून रँडनं ते स्वतः शिकून घेतलं आणि शिकलेलं जसंच्या तसं लिहीत गेला. बाकीचे आपल्या युक्त्या झाकून ठेवत होते त्या काळात. दर शुक्रवारी पांढऱ्या फळ्यासमोर उभं राहून एक विषय समजावायचा. तो फळाच चित्रकार मुलीनं काढलाय, पुसलेल्या जुन्या अक्षरांच्या छटेसकट. २००७ पासून साधनं विकणारी कंपनी, पुढं नुसतं मॉझ नाव. बाहेरचं भांडवल घेतलं, २०१४ मध्ये तो प्रमुखपदावरून उतरला, २०१८ मध्ये बाहेर पडला. २०२१ मध्ये कंपनी विकली गेली. आईला सगळे एसईओमॉम म्हणायचे, एसईओ म्हणजे शोधाच्या निकालात साइट वर आणायचं काम. परिचयांमध्ये ती बहुधा गळते, म्हणून बोर्ड दोघांच्या नावानं.

आता त्याची स्पार्कटोरो नावाची दुसरी कंपनी आहे. २०२४ मध्ये त्यानं मांडलं की अमेरिकेत गूगलवर होणाऱ्या हजार शोधांमागं जेमतेम ३६० क्लिक बाहेरच्या मोकळ्या वेबसाइटींकडं जातात. बाकीचे शोध तिथंच संपतात, नाहीतर गूगलच्याच घरात फिरतात. आकड्यावर माझा विश्वास आहे, आमच्या गिऱ्हाइकांचंही साधारण तेच दिसतं. तरी पट्टीत लिहिलं : "आपलं गिऱ्हाईक सर्चबाहेर कुठं असतं ते शोधायचं साधन विकतो." शोधातून माणसं येत नाहीत हे त्यानं सांगणं त्याच्या दुकानाला सोयीचं आहे. सोयीचं असून खरं असू शकतं. दोन्ही एकदम डोक्यात ठेवायला शिकणं, या भिंतीकडून मला एवढंच हवंय.

११ ऑगस्ट

लाइक बटण : लीया पर्लमन आणि जस्टिन रोझेनस्टाइन, फेसबुक, फेब्रुवारी २००९. पुढं पर्लमन कंपनीतून बाहेर पडली, हातानं चित्रकथा काढायला लागली, आणि फेसबुकनं काय दाखवायचं ते बदलल्यावर तिच्या चित्रांना लाइक मिळेनात. मग पोच वाढवायला तिनं फेसबुकवरच जाहिराती विकत घेतल्या. रोझेनस्टाइननं स्वतःच्या फोनवर लहान मुलांसाठीचं कुलूप बसवून घेतलं, नवी अॅप टाकता येऊ नयेत म्हणून.

"बूस्ट मारा", म्हणजे पैसे भरून पोस्टची पोच वाढवा, हे आमच्या पोरांचं ब्रीदवाक्य. हा बोर्ड त्यांच्या टेबलासमोर.

१६ ऑगस्ट

उद्या मुंबई उच्च न्यायालयाच्या इथल्या सर्किट बेंचचं उद्घाटन, सरन्यायाधीश येणार. दसरा चौकापासून सगळं गाव स्वागताच्या फलकांनी भरलंय आणि आमचे बोर्ड फ्लेक्सवाल्याच्या कोपऱ्यात उभे. "सोमवारनंतर बघू." गणपतीची मंडळं आधीच रांगेत आहेत.

तेवढ्यात अडतीवाल्याच्या पोरानं प्रश्न टाकला : "मॅडम, आपल्या क्लासची पट्टी कुठाय?" खरंच की. मोठ्या मॅडमचा चेहरा बघण्यासारखा झाला. पण पंधरा मिनिटांत त्यांनीच लिहून दिलं : "पोट कशावर? पोरांची फी, गावातल्या दुकानांची महिन्याची कामं, आणि दोन साधनांची शिफारस केल्यावर मिळणारं कमिशन." साधनांची नावंही घालायला लावली. सगळ्यात लहान बोर्ड, सगळ्यात स्वस्त. पोरांनी त्यातलं कमिशन किती टक्के ते विचारलं, तेही सांगितलं.

२१ ऑगस्ट

बोर्ड आले. पिवळा रंग नारिंगीकडं गेलाय, चालेल. नायकच्या बोर्डावर 'साक्षीदार' नीट छापलंय, 'क्षी' फुटलेला नाही, त्याचीच मला धास्ती होती. चित्रं अपेक्षेपेक्षा चांगली उतरली.

२३ ऑगस्ट

लावले. फीत वगैरे काही नाही, चहा आणि वडा. गुजरीतले एक सराफ आले होते, आमच्या पोरीकडं त्यांचं पान आहे. सगळी भिंत वाचली, बिल ग्रॉसपाशी थांबले आणि तिला विचारलं, "म्हणजे मी जास्त पैसे लावले तरी फोटो चांगला नसला तर वर जात नाही?" ती म्हणाली, नाही जात. "मग गेल्या महिन्यात तसं सांगितलं का नाहीस?" तिला उत्तर देता आलं नाही. पण सोमवारी ती त्यांच्या दुकानात नव्यानं फोटो काढायला जाणार आहे, आणि त्याचे वेगळे पैसे द्यायचं त्यांनी कबूल केलंय.

२५ ऑगस्ट

इचलकरंजीच्या एका कॉलेजला गणपतीनंतर आठवडाभर बोर्ड हवेत. टेंपोचं भाडं त्यांनी द्यायचं, ने-आण आमच्या पोरांनी. स्लॉस्कीच्या बोर्डाचा खालचा कोपरा उचकटलाय, दुहेरी टेप आणायची आहे. सलिव्हनचं नवं काम नेमकं काय ते कळलं की तेवढी ओळ वेगळ्या पट्टीवर छापून चिकटवायची. पीडीएफची मूळ फाइल पेनड्राइव्हवर आणि मॅडमच्या संगणकावर, दोन्हीकडं ठेवली आहे.